लेफ्ट आउट हरिदास, सूत-तपासनीस

सिंदी मेघे,
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण गंभीर आहे. आमच्या गल्लीतल्या सुजाण नागरिकांनी बरोबर माझ्या फाटकासमोर गतिरोधक घातला. आता सकाळी सहापासून प्रत्येक गाडी माझ्या दारात येऊन नम्र होते, मग ढुंगण वर करते आणि पुढे जाते. तेवढ्या वेळात मागे बसलेल्या बाईला माझा अख्खा ओटा न्याहाळता येतो. मी दाढी केली की नाही आणि बनियनला भोक नेमकं कुठे आहे, हे आता अर्ध्या वर्ध्याला ठाऊक आहे. काल एका अनोळखी काकूंनी जाता जाता विचारलं, "आज नाश्ता नाही का?" गतिरोधकाच्या अर्जावर पहिली सही माझीच असल्यामुळे दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणजे तुम्ही मध्येच फोन ठेवून देणार नाही. म्हणून तुमच्याकडे.

दुसरं कारण त्या मानानं किरकोळ. हिंगणघाटची तुमची गोपीकिसन मिल गेली, भोंगा गेला, मागचं मैदान तेवढं कोणाच्या तरी नजरेतून सुटलं. त्याला तुमचे जोडीदार रूपरावजी यांचं नाव द्यायचं ठरलंय. १५ डिसेंबर, रविवार. काळा दगड, सोनेरी अक्षरं. मजकूर असा: 'कै. रूपराव, मिल संघाचे सेंटर फॉरवर्ड. १९५७च्या अंतिम सामन्यात कॉर्नरवरून थेट गोल मारून चषक आणणारे.'

समितीचे अध्यक्ष वासुदेवराव, म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अजूनही घंटा झाल्यासारखेच उठतात. स्मरणिकेचा संपादक मी, कारण अनुस्वार जागेवर देणारा समितीत दुसरा कोणी नाही. त्या अकरा जणांतले तुम्ही एकटे उरलात. तेव्हा दगडावरचं कापड तुम्ही ओढायचं, आणि 'तो गोल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला' असं दोन ओळींत लिहून द्यायचं. बाकी हार-शाल आमच्याकडे.

आपला,
माणिक


गिरड,
११ नोव्हेंबर

चि. माणिकले आशीर्वाद.

तुझा गतिरोधक समजला. बनियन शिवून घे.

मी येणार नाई. दोन ओळीही देणार नाई. सध्या दुकानात माणूस नाई, गुडघा टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायऱ्यांकडे पाहूनच दुखते, आन् शाली माह्याजवळ चार आहेत. यातलं जे कारण समितीले पटन ते सांगजो.

रूपरावबद्दल लिहाले तुमच्याकडे पेपर असतील. त्याचे एकतीस गोल छापून आलते. त्यातले बावीस माह्या पायातून त्याच्या डोक्यावर गेलते, ते कोणी छापलं? मी लेफ्ट आउट. लेफ्ट आउट म्हणजे काय, तुले कोणी सांगितलं नसन. सेंटर फॉरवर्ड मैदानात खेळते. लेफ्ट आउट लोकायच्या मांडीवर खेळते. चुन्याच्या फक्कीच्या रेषेले चिकटून पळा लागते, आन् रेषेच्या पल्याड लोक पाय पसरून बसलेले. कोणाची सायकल आडवी, कोणाची छत्री. पळता पळता मले शिव्या ऐकू येत, कोणाच्या पोरीचं लगन ठरलं तेही ऐकू येत होतं. म्या सारं उघड्या पायानं केलं. बूट घातला का पाय बहिरा होते.

रूपरावले पुढं फक्त गोल दिसे. म्हणून त्याचा दगड होऊन राह्यला. होऊ दे.

तुझा मामा,
हरिदास


सिंदी मेघे,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप मामाजींना सा. न.

समितीला गुडघा सांगितला. वासुदेवरावांनी व्हीलचेअरचा ठराव मंजूर केला.

आता जरा कडू लिहितो. तुमच्या पत्राला मला गुडघ्याच्या औषधाचा वास आला नाही, जळक्याचा आला. तुम्ही जळता, मामाजी. माणूस जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्ही त्याच्या मयतीलाही गेला नव्हतात, हे आईनं मला सांगितलंय. नव्वदाव्या वर्षी माणसानं इतकं जळू नये, घरात सिलिंडर असतो.

तुमची बाजू घ्यावी म्हणून मिलची जुनी कागदपत्रं जिथे पडून आहेत तिथे जाऊन आलो. दोन दिवस शिंकतोय. तुमचं नाव सापडलं. हजेरीपटात तुम्ही 'सूत-तपासनीस' आहात, पाळी पहिली, सूतखातं. १९५७ साली एकशे एक्केचाळीस दिवस गैरहजर, लाल शाईनं. शेवटी शेरा: 'कामचुकारपणामुळे कमी केले.' फुटबॉलचा 'फ'सुद्धा नाही. वासुदेवराव म्हणाले, कागद म्हणजे कागद. हरिदासजींचा परिचय आपण 'मिलचे जुने कर्मचारी' असा करून देऊ. मी भांडलो. पण भांडायला माझ्या हातात काय होतं? तुमचे बावीस पास?

रूपरावजींचा फोटो आणायला धुरपताबाईंकडे गेलो होतो. नवऱ्याच्या नावाचा दगड होणार म्हटल्यावर बायका डोळ्याला पदर लावतात. यांनी फक्त विचारलं, दगडावर काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. त्या उठून चहा ठेवायला गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "हरिदासभाऊजी येऊन राह्यले का?" मी हो म्हणालो. आता मला खोटं पाडू नका.

आपला,
माणिक


गिरड,
२५ नोव्हेंबर

चि. माणिकले आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. 'जळता' हा शब्द तसाच होता.

आता ऐक. तुझा हजेरीपट खरा आहे आन् सपशेल खोटाही आहे. त्या जमान्यात फुटबॉलचा पगार उघड कोणी देत नव्हतं. खेळ हौसेचा, असं सोंग होतं. मिल पोरं हेरून आणे आन् कामगार म्हणून लावे. आमचा गोलकीपर फिटर होता, त्याले पाना धरता येत नव्हता. रूपराव गोदाम कारकून. मी सूत-तपासनीस. मले गिरडहून उचललं तेव्हा मी सतरा वर्षांचा. बापानं किराणा दुकानात बसवलं होतं, मी टेकडीवर पळत होतो. सहा वर्षं सूत तपासलं बापा. सूत कोणत्या टोकाले सुरू होते, मले आजही माहीत नाई. सकाळी हजेरी, मग मैदान. हे मॅनेजरपासून भोंगेवाल्यापर्यंत सगळ्यांले माहीत.

सत्तावन्न साली सूतखात्यात प्रेमदास नावाच्या कामगाराची तीन बोटं मशीनमधी गेली. भरपाई द्यायची नव्हती, म्हणून मिलनं कागद केला का प्रेमदास दारू पिऊन होता. कागदाले साक्षीदार लागते. त्या पाळीले सूतखात्यात कोण हजर होतं? हजेरीपटावर पाह्यलं, सूत-तपासनीस हरिदास.

मॅनेजरनं बोलावून म्हटलं, सई कर. मी म्हटलं, साहेब, मी तथी नव्हतो, मैदानावर होतो. तो म्हणाला, "मैदानावर होतास, मग पगार कशाचा घेतोस?"

आता याचं उत्तर त्यालेही माहीत होतं. सगळ्या मिलले माहीत होतं. तरी ते बोलता येत नव्हतं. माह्या खोट्या नोकरीचं पहिलं खरं काम हेच निघालं. मी सई केली नाई. दुसऱ्या दिवशी वर्षभराच्या बाहेरगावच्या मॅचेस लाल शाईनं गैरहजेरी झाल्या. टीममधून नाव कटलं. फायनल आठ दिवसांवर, नागपूरले.

आदल्या दिवशी रूपराव आला. म्हणाला, "माह्यं पोट दुखून राह्यलं." म्हटलं, ओवा खा. तो म्हणाला, "ओव्यानं जाणार नाई. तू माही जर्सी घाल."

ऑगस्टचा महिना. दहाव्या मिनिटाले बावीसही जण एकाच मायचे दिसत होते, इतका चिखल. मी डोक्याले रुमाल बांधून रूपराव म्हणून खेळलो. आन् रूपराव तोंडावरून घोंगडी ओढून रेषेच्या बाहेर, पब्लिकमधी, हरिदास म्हणून उभा. मिलचे लोक त्याले येऊन विचारत, काऊन रे हरिदास, हाकलला काय तुले? कामचोर! तो मान हलवे. मी कडेनं पळताना ऐकून राह्यलो होतो. माह्या नावच्या सगळ्या शिव्या त्यानं उभ्यानं खाल्ल्या.

शेवटची पाच मिनिटं असतील. उजव्या बाजूचा आमचा गडी लंगडत होता, म्हणून उजवा कॉर्नर माराले मी गेलो. डाव्या पायानं वळवला, सरळ आत. खुर्चीवर बसलेल्या मॅनेजरले तेव्हाच समजलं, कारण रूपरावचा डावा पाय फक्त उभं राहाले होता. पण तोंड उघडलं असतं तर चषक गेला असता. त्यानं टाळ्या वाजवल्या. पेपरात रूपराव छापून आला. प्रेमदासच्या कागदावर शेवटपर्यंत कोणाची सई झाली नाई, त्याले भरपाई भेटली. मले परत घेतलं नाई. कलकत्त्याले एका क्लबात दोन हंगाम खेळलो, गुडघा फुटला, दुकानात येऊन बसलो. संपलं करिअर.

ही गोष्ट बाहेर आली असती तर रूपरावची नोकरी गेली असती. म्हणून मी गप्प. पण पुढं पुढं रूपराव तो गोल स्वतःचा म्हणून सांगाले लागला. पंच्याण्णव साली एका लगनात, माह्यासमोर, पाय मागं घेऊन दाखवला. डावा! मी पंगतीतून उठलो. मंग अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाई. मयतीले गेलो नाई म्हणतं तू. गेलतो. हिंगणघाटच्या स्टँडवर उतरलो, चहा पेलो, आन् परतीच्या बसमधी बसलो.

गोल मी लय पाह्यले, माणिक. पोटाची नोकरी पणाला लावून आपलं नाव दुसऱ्याच्या अंगात घालणारा माणूस एकच पाह्यला. तुम्ही त्याले नुसता गोलवाला करून राह्यले. मी ते कापड ओढणार नाई.

हरिदास


सिंदी मेघे,
२९ नोव्हेंबर

तीर्थरूप मामाजी,

'जळता' हा शब्द मी मागे घेतो. तुम्ही तो आगपेटीसाठी ठेवा.

तुमचं पत्र घेऊन तडक वासुदेवरावांकडे गेलो. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग म्हणाले, "माणिकराव, दगड कोरून झालाय." मी म्हटलं, इतिहास? ते म्हणाले, तोही कोरून झालाय. पाहुणे ठरले, पत्रिका वाटल्या. स्मरणिकेचं सातवं पान, जिथे गोलाचं वर्णन आहे, ते मंजूर झालं. शिवाय हरिदासजींच्या सांगण्याला पुरावा कोणता? कागद तर त्यांना कामचुकार म्हणतो. आणि एका दिवंगत खेळाडूवर तोतयेगिरीचा आरोप करणारं पत्र समितीच्या दप्तरात ठेवता येत नाही, सबब परत. येता येता मला सांगितलं की असा मजकूर स्मरणिकेत आला तर संपादक बदलावा लागेल. हेडमास्तर मुलाला वर्गाबाहेर काढताना ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

मला वर्गाबाहेर राहायची सवय आहे. अडचण दुसरी आहे. तुमचं ऐकून मी मैदानात खरं बोलायला उभा राहीन, पण समोर पहिल्या रांगेत धुरपताबाई असणार. पंचाऐंशी वर्षांची बाई, नवऱ्याच्या दगडाला नवी साडी नेसून येणार. तिच्यासमोर 'हा गोल यांचा नव्हे' हे कोण म्हणेल? मी नाही म्हणू शकत. त्यांना यातलं काही माहीत नसणार. तेव्हा तुम्हीच सांगा, काय करू?

आपला,
माणिक


हिंगणघाट,
४ डिसेंबर

हरिदासभाऊजींना धुरपताचा नमस्कार.

पत्र नात रुचिका लिहून राह्यली. मी बोलते तसंच लिही म्हटलं तिले.

माणिकराव फोटो न्यायले आलते. तुम्ही येणार म्हणाले. त्याहींचं तोंड पाहून समजलं का तुम्ही नाई म्हटलं असन. म्हणून हे पत्र.

मले सारं माहीत आहे. त्या दिवशी यांच्या अंगावर चिखल नव्हता. जर्सी चिखलानं भरलेली आन् माणूस कोरडा. धुणं मी धुत होती भाऊजी, मले कोण फसवते? विचारलं तर हे सांगून मोकळे झाले. मी दोन महिन्यांची गरवार होती. भांडली मी लय. नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं? हे म्हणाले, हरिदासनं एका सईसाठी खेळ सोडला, मी एक दिवसाचं नाव नाई सोडू काय?

रिटायर झाल्यावर यांनी खरी गोष्ट सांगून पाह्यली. दोनदा, तीनदा. चौकात, मंग मुलाच्या सासरी. लोक जांभया देत. रेषेच्या बाहेर उभं राह्यलेल्या माणसाची गोष्ट कोण ऐकते? मंग एकदा कोणीतरी म्हणालं, तो कॉर्नरचा गोल तुमचाच ना? हे हो म्हणाले. सगळे सरकून जवळ बसले. तिथून ते लागलं. तुम्ही पंगतीतून उठले त्या रात्री हे जेवले नाई. मी म्हटलं जाऊन माफी मागा. म्हणाले, तो येईन. तुम्हीही तेच म्हणत असान तिकडं.

दगड मैदानाच्या फाटकात बसवणार. मले दवाखान्यात जाताना रोज तिथून जा लागते. खोट्याले रोज नमस्कार कराचा काय मी? येजा. काय बोलाचं ते तुमचं तुम्ही पाहा, पण येजा.

धुरपता


गिरड,
८ डिसेंबर

चि. माणिक,

सोबत धुरपतावहिनीचं पत्र पाठवून राह्यलो, जपून ठेवजो. पंधरा तारखेले सकाळच्या बसनं येतो. व्हीलचेअर नको. शाल नको. स्टेजवर चढणार नाई. तुह्या हेडमास्तरले आधी काही सांगू नको, नाईतर तो दुसरा ठराव करन.

हरिदास


सिंदी मेघे,
१७ डिसेंबर

तीर्थरूप मामाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही बोललात ते सगळ्या मैदानानं ऐकलं. बाकीचे काय बोलले ते एकट्या तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही स्टेजकडे न जाता मैदानाच्या कडेला, फक्कीच्या रेषेबाहेर जाऊन उभे राहिलात, तेव्हा वासुदेवराव मला म्हणाले, "म्हाताऱ्यांना दिशा समजत नाही, त्यांना इकडे आणा." मी आणायला गेलो तर तुम्ही मला काठीनं दूर केलंत आणि म्हणालात, "माइक अथी आण." वायर पुरत नव्हती. मांडववाल्या बंडूजीनं दुसरी जोडली. वासुदेवराव त्याला खुणेनं नको नको म्हणत होते; बंडूजी म्हणाला, मले कार्यक्रमाचं काम दिलं आहे, आन् कार्यक्रम तिकडं आहे.

तुम्ही चारच वाक्यं बोललात. लोकांना पाठ झाली आहेत, तरी लिहून ठेवतो.

"तो गोल म्या केला, रूपरावच्या नावानं. रूपराव असा, या जागी उभा होता, माह्या नावानं शिव्या खात. त्या दिवशी तो खेळला नाई म्हणून मी खेळलो, आन् मी खोटी सई केली नाई म्हणून त्यानं आपली नोकरी डावावर लावली. दगड त्याचाच पाहिजे, पण हा नाई."

यावर पहिल्यांदा कोणीच टाळी वाजवली नाही. प्रमुख पाहुण्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का?" मागून कोणीतरी ओरडलं, "पुरावा?" वासुदेवरावांनी तो शब्द झेलला. स्टेजवरून म्हणाले की भावनेचा आदर आहे, वयाचाही आदर आहे, पण समिती कागदाला बांधील आहे. तेव्हा आता पाहुण्यांच्या हस्ते अनावरण. आणि पाहुणे दोरीपाशी गेले.

तुमची पाठ तिकडे होती, म्हणून पुढचं तुम्हाला दिसलंही नाही. धुरपताबाई उठल्या. रुचिकाचा हात सोडला, चार पावलं चालल्या आणि दगडाच्या ओट्यावर, कापडाला टेकून, बसल्या. पाहुणे दोरी धरून उभे. वासुदेवराव धावत आले. आजीबाई, उठा, हा तुमच्याच मालकांचा सन्मान आहे. त्या म्हणाल्या, "मालक माझे होते ना? मंग कागद मले विचारा. जर्सी धुतली कोणी?"

मग टाळ्या वाजल्या. मामाजी, तुम्ही मागे वळून बघितलंत ते टाळ्या ऐकून नव्हे, लोक उभे राहिले म्हणून. तुम्हाला वाटलं कार्यक्रम संपला. तुम्ही मला म्हणालात, "झालं काय? बस चुकन." मी मान हलवून हो म्हटलं.

त्या वीस मिनिटं उठल्या नाहीत. पाहुण्यांना सेवाग्रामला दुसरा कार्यक्रम होता, ते नारळ फोडून गेले. दगड अजून कापडाखालीच आहे. वासुदेवरावांनी काल मजकुरासाठी उपसमिती नेमली. तिच्यात मी नाही. स्मरणिकेच्या संपादकपदावरूनही मला मुक्त करण्यात आलं, कारण सातव्या पानावर गोलाच्या वर्णनाऐवजी तुमचं २५ नोव्हेंबरचं पत्र आणि समोर धुरपताबाईंचं पत्र छापून आलंय. छपाईच्या आदल्या दिवशी ते कसं बदललं, याची चौकशी चालू आहे. प्रती तीनशे होत्या, त्याच दुपारी संपल्या. हिंगणघाटच्या चौकात लोक उभ्यानं वाचत होते, आणि जांभया देताना मला कोणी दिसलं नाही. उपसमितीचं मी सांगत नाही, पण वासुदेवरावांचा मुलगा संध्याकाळी येऊन प्रत मागून गेला. म्हणाला, बाबांना हवीय, पण बाबांनी मागितली असं सांगू नका म्हणालेत.

आणखी एक. निघताना बसमध्ये धुरपताबाईंनी तुमच्या हातात स्टीलचा डबा ठेवला होता. त्यातल्या पुऱ्या आणि आलूची भाजी तुम्ही समुद्रपूरपर्यंत संपवलीत आणि डबा कंडक्टरच्या हाती उलट पाठवून दिलात. कंडक्टरनं हे सांगत तो काल मला दिला. रिकामा. हरिदासमामाजी, सहा वर्षं तुम्ही सूत तपासलंत, पण घरातल्या बायकांचं काहीच तपासलं नाहीत. डबा असा परत जात नाही.

आज सकाळी हिंगणघाटला जाऊन आलो. डब्यात आंबिया बहराची, म्हणजे याच हंगामाची, संत्री भरली, मावतील तेवढी. झाकण लागलं नाही, वरून रुमाल बांधला. धुरपताबाई दारातच होत्या. मी म्हटलं, गिरडहून आलीत, मामाजींनी पाठवली. त्यांनी रुमाल सोडला, एक संत्रं हातात घेतलं, वास घेतला, आणि डबा आत नेऊन ठेवला.

आपला,
माणिक